बुटांच्या खोक्यातले चष्मे

मी हात धुवायला गेले होते. परत आले तर एक अनोळखी तरुण माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीत बसून, माझे चष्मे लावत होता. डोळ्यांना नव्हे, खोक्यांत. अगदी मन लावून.

"झालंच," तो मान वर न करता म्हणाला. "दोन मिनिटं थांबा, मॅडम. केवढा घोळ घालून ठेवला होता कुणीतरी!"

तो घोळ मी घातला होता. दुकान बंद झाल्यावर रोज संध्याकाळी बसून, कित्येक महिने.

"तुम्ही… काय केलंत?"

"बघा ना. खोक्यावर लिहिलंय 'लहान मुलं', आत सगळे आजोबांचे चष्मे. 'लेडीज'च्या खोक्यात जाड काळ्या फ्रेमा. आता कसं — हे लेडीज, हे जेंट्स, हे मुलांचे. आणि लेडीजमध्ये पुन्हा रंगाप्रमाणे." तो हसला. त्याचा पुढचा एक दात किंचित वाकडा होता. त्या क्षणी तो मला पाडावासा वाटला.

"प्रत्येक जुडग्याला रबर होतं," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं. "रबरात चिठ्ठी होती. चिठ्ठीवर नंबर होता."

"हां, त्या! टाकल्या नाहीत हां." त्यानं टेबलाखालून एक पिशवी काढून माझ्यापुढे धरली. सगळ्या चिठ्ठ्या त्यात होत्या, नीट एकावर एक रचलेल्या. "जपून ठेवल्यात."

खोकी बुटांची होती, एवढाच काय तो त्याचा बचाव. माझ्या पप्पांचं चष्म्याचं दुकान. दर वर्षी ते चर्चच्या वैद्यकीय टीमबरोबर समुद्रापलीकडच्या या गावात यायचे. लोकांनी दान केलेले जुने चष्मे नंबराप्रमाणे लावायचे आणि शेजारच्या चपलांच्या दुकानातून मागून आणलेल्या रिकाम्या खोक्यांत भरायचे. खोक्यावर काय छापलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आतला नंबर बरोबर असला की झालं. या वर्षी पप्पा नव्हते. टीममध्ये त्यांची जागा मात्र होती, आणि त्या जागेवर दुसरं कुणी बसावं हे मला सहन होईना. म्हणून मी आले होते. आणि पहिल्याच दिवशी त्या जागेवर हा बसला होता.

"तुम्ही करता काय?"

"बुटांच्या दुकानात सेल्समन आहे."

"आणि इथं तुम्हाला कशाला आणलंय?"

"रांगा लावायला."

"कुणाच्या?"

"माणसांच्या," तो जरा चाचरत म्हणाला.

"मग माणसांच्या लावा ना!"

त्या दिवसापासून तो माझ्यासाठी बूटवाला झाला. त्याच्या तोंडी मी 'मॅडम' होते ती होतेच. तो आमच्या शहरातलाच, पण दुसऱ्या चर्चचा. कुणीतरी आयत्या वेळी गळालं म्हणून आलेला. ज्यांनी त्याला घेतलं त्या मोठ्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात बरंच काही सुनावलं.

मोठे डॉक्टर आमच्या टीमचे प्रमुख. ते कुणालाही रागावत नाहीत. ते प्रार्थना करतात. त्या संध्याकाळी पत्र्याच्या हॉलमध्ये आम्ही सगळे डोळे मिटून उभे राहिलो आणि त्यांनी सुरुवात केली: "हे प्रभू, आम्हाला वेळेवर उठण्याची शक्ती दे, विशेषतः मुलींच्या खोलीला. न्हाणीघरातले दिवे बंद करण्याची आठवण दे. आणि हे प्रभू, तू जाणतोस की चष्म्यांचं सामान फार जड होतं, आणि आम्ही दिलेले चष्मे पुढच्या वर्षी कुणाच्याच डोळ्यांवर दिसत नाहीत. म्हणून यापुढे ते वजन औषधांना देण्याचं शहाणपण आम्हा सर्वांना लाभो. आमेन."

"आमेन!" बूटवाला सर्वांत मोठ्यानं म्हणाला.

मी म्हटलं नाही. प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही, ही डॉक्टरांची खरी हातोटी. पण प्रार्थना संपल्यावर मी त्यांना दाराशी गाठलं.

"डॉक्टरकाका, पप्पांचं टेबल बंद करू नका."

"बाळा, तुझे पप्पा माझे मित्र होते," ते म्हणाले. "पण मी दर वर्षी हे गाव बघतो. चष्मे जातात कुठं कोण जाणे. आणि आता तर सगळे मिसळलेत म्हणे? तू उद्यापासून औषधांच्या पुड्या बांधायला बस कशी."

"उद्या दुपारपर्यंत सगळं परत लावते. नाही जमलं तर पुड्या बांधीन."

त्यांनी एक सुस्कारा सोडला. "दुपारपर्यंत," ते म्हणाले.

पप्पांचं दुकान आई आणि मी चालवतोच आहोत. त्यांचे कपडे देऊन झाले. त्यांच्या मोबाईलचा नंबरही कंपनीनं दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. पप्पा जसे होते तसे राहिलेली एकच जागा उरली होती, आणि ती हे टेबल होतं.

त्याच रात्री मी काचेचा नंबर मोजायचं यंत्र मांडून पहिला चष्मा त्याखाली धरला, तोच समोरची खुर्ची सरकली.

"मी लिहून घेतो," बूटवाला म्हणाला.

"तुम्ही पुष्कळ मदत केलीत."

"सांडलं मी, आणि भरायचं तुम्ही एकट्यानं?" तो बसलासुद्धा. "सांगा नंबर."

तेवढ्यात पाऊस आला. पत्र्याच्या छपराखाली पाऊस म्हणजे नुसता कल्लोळ. मी यंत्रात डोळा घालून ओरडायची, "प्लस दोन!" तो ओरडायचा, "काय?" मी पुन्हा ओरडायची. शेवटी तो खुर्ची उचलून माझ्या बाजूला आला आणि कान माझ्या तोंडाशी आणून बसला. त्याच्या शर्टाला नव्या चामड्याचा वास येत होता, की मलाच तसं वाटत होतं… कोण जाणे. मी उगाचच जास्त मोठ्यानं ओरडले.

"आई गं!" त्यानं कान झाकला. "एवढ्या जवळून नको, मॅडम. कानाचं टेबल नाहीये आपल्याकडे."

तो गात होता. उपासनेतली गीतं, सगळी एकाच चुकीच्या सुरात. चिठ्ठ्या उलट्या खोचत होता. आणि प्रश्न! प्लस म्हणजे काय, मायनस म्हणजे काय, एका डोळ्याला प्लस आणि दुसऱ्याला मायनस असलेला माणूस सरळ चालतो का?

"तुम्ही डोक्याकडचं बघता, मी पायांकडचं," तो म्हणाला. "मधलं प्रभूनं बघावं."

मला हसू येत होतं. मी ते यंत्रात डोळा घालून लपवलं. एका काचेवर धूळ होती. मी तिच्यावर फुंकर घातली आणि ती बाहीला पुसली.

"असं पुसू नये म्हणतात ना?"

"पुसू नयेच. पप्पा सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगायचे आणि स्वतः शर्टालाच पुसायचे."

"ते नाही आले या वर्षी?"

"नाही," मी म्हटलं. "मायनस एक. लिहा."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले तेव्हा खोकी लागलेली होती. त्यांनी दोन-चार चिठ्ठ्या उचलून पाहिल्या, 'हं' म्हणाले आणि रांग सोडायला सांगितलं. रांग लावायला अर्थातच कुणी नव्हतं. रांगवाला कुठंतरी गायब झाला होता. आला तो हातात एक आरसा घेऊन.

"हा कुठून आणलात?"

"न्हाणीघरातून."

"मुलींच्या?"

"हे प्रभू, मला क्षमा कर," तो म्हणाला आणि माझ्या टेबलाच्या कडेला उभा राहिला.

त्यानंतर त्यानं मला जो वैताग दिला त्याला तोड नाही. मी डोळे तपासायची. शेजारी बसलेली तिथली सिस्टर माझं मोडकंतोडकं इंग्रजी त्यांच्या भाषेत सांगायची. नंबर निघाला की मी खोक्यातला वरचा चष्मा उचलून द्यायची, माणूस तक्ता वाचायचा, संपलं. पप्पा असंच करायचे. पण आता चष्मा दिला रे दिला की हा आरसा पुढे करायचा. आणि बोलायचा चक्क मराठीत. "मावशी, मान जरा वर… अं हं. हा नाही. हा तुमच्या नाकाला टोचतोय. थांबा." की लागला खोक्यात उकरायला. "हा बघा. वा! काका, जरा फिरून बघा बरं." आणि समजत असल्यासारखे ते काका खरोखरच दारापर्यंत फिरून यायचे.

"चष्मा घालून फिरून काय बघायचंय?" मी दातांवर दात ठेवून म्हटलं. "बूट आहे का तो?"

"सवय, मॅडम."

"नंबर बरोबर आहे. एवढंच महत्त्वाचं असतं."

"नंबर बरोबरच आहे. फ्रेम चावतेय."

"फ्रेम चावत नसते! तुम्ही जा बघू रांगेकडे."

तो गेला. आरसा मात्र टेबलावर ठेवून गेला.

आणि मग ती बाई आली. साठीच्या पुढची, बारीक चणीची, बोटांची टोकं खरखरीत झालेली. तिनं कापडात गुंडाळलेला एक चष्मा माझ्यापुढे ठेवला. जाड, काळ्या फ्रेमचा. एक ओरखडा नाही.

"ती शिवणकाम करते," सिस्टर म्हणाली. "विचारतेय, याऐवजी दुसरा मिळेल का?"

शिवणकाम. या बाईला मी ओळखत होते. पप्पा दर वर्षी जेवताना तिची गोष्ट सांगायचे. एक बाई आली, तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, मी चष्मा घातला आणि तिनं तिथंच, माझ्यासमोर, पहिल्या झटक्यात सुई ओवली! सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या! ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की शेवटच्या टाळ्या आईच वाजवायची.

"काच बदलायचीय का?" मी विचारलं.

सिस्टर तिच्याशी बोलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही. तिनं तो वापरलाच नाही. घरी गेल्यावर सून हसली. म्हणाली, तुम्ही आजोबा दिसता. मग कपाटात ठेवून दिला. सुई आता सूनच ओवून देते. ती घरी असली की."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

बाई बराच वेळ बोलत राहिली, छातीवर हात ठेवून. सिस्टर थांबत थांबत सांगत गेली. "इथं एक साहेब बसायचे. त्यांनी काच स्वतःच्या शर्टाला पुसून दिली, स्वतःच्या हातानं चष्मा घातला. किती खूश झाले होते ते. त्यांना नाही कसं म्हणायचं?" ती थांबली. "ती म्हणते, तुम्ही त्यांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

बाईनं माझ्या हातावर थोपटलं. मी तिचे डोळे तपासले. नंबर तोच होता. पप्पांचा नंबर चुकलेला नव्हताच. मग मी सिस्टरला म्हटलं, "आलेच," आणि बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले.

तिथंही तो आला. हातात आरसा होताच.

"सिस्टरनं सांगितलं मला सगळं. मावशींना तपकिरी फ्रेम दिली मी. तुमच्याच खोक्यातली, त्याच नंबरची. फार आवडली त्यांना. दोरा ओवून —"

"गप्प बसा."

तो कसला गप्प बसतोय!

"मी काही बोललो का?"

"तुम्हाला बरं वाटलं असेल ना? तुमचंच खरं झालं. लेडीज, जेंट्स, रंगाप्रमाणे. आणि डॉक्टरांचंही खरं झालं. पप्पा इतकी वर्षं इथं येऊन लोकांच्या कपाटांत चष्मे ठेवून गेले."

"असं नाहीये ते."

"मग कसं आहे?"

तो जरा घुटमळला. "दुकानात रोज बघतो मी. बूट चावतो म्हणून सांगायला परत कुणी येत नाही. गपचूप कोपऱ्यात टाकतात आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातात. या मावशी एवढ्या वर्षांनी तो चष्मा कापडात गुंडाळून याच टेबलावर घेऊन आल्या. त्यांना दिसत होतं त्यातून. म्हणून तर फेकला नाही. ते पप्पांनी केलं. मी काय केलं? आरसा धरला." मग एकदम उत्साहात येऊन म्हणाला, "तुम्ही पप्पांना फोन करून सांगा ना. नाही वाईट वाटणार. हसतील ते."

"पप्पा नाहीत," मी म्हटलं.

"नाहीत म्हणजे… घरी नाहीत?"

"नाहीत."

टाकीतून पाणी ठिबकत होतं. माझे डोळे भरून आले तेव्हा त्यानं फक्त हातातला आरसा हळूच पालथा केला.

मी रडले. फार नाही. तो तिथंच उभा राहिला, थोडा दूर, माझ्याकडे पाठ करून, आणि टाकीकडे येणाऱ्या दोघांना त्यानं हातवारे करून दुसऱ्या नळाकडे पिटाळलं.

"रांग खोळंबलीय," शेवटी मीच म्हटलं.

"रांग लावणारा कामचुकार आहे."

"ते दिसतंच आहे." मी नाक पुसलं. "चला. आणि आरसा घ्या बरोबर."

त्यानंतर आमचं टेबल नव्या पद्धतीनं चाललं. नंबर माझे, प्रत्येक नंबराच्या आतली रचना त्याची. यावर आम्ही कमी भांडलो नाही. गुलाबी फ्रेम म्हाताऱ्या माणसाला देऊ नये असं मी म्हणायची. काकांनाच विचारू, असं तो म्हणायचा. आणि काका नेमकी गुलाबीच घ्यायचे. रोज सकाळी मी त्याला सांगायची की आज गायचं नाही. रोज तो कबूल करायचा. एकदा आईचा फोन चालू असताना त्यानं मागे तान घेतली.

"कोण गं तो?" आईनं विचारलं.

"कुणी नाही. रांगा लावतो."

"बरं," आई म्हणाली. तिच्याकडे 'बरं'चे पुष्कळ प्रकार आहेत. हा मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

कधी मी मान वर करायची आणि तो माझ्याकडेच बघत असायचा — मग एकदम खोक्यात काहीतरी शोधायला लागायचा. कधी याच्या उलट व्हायचं. डोळे लपवायला मला यंत्र होतं, एवढाच फरक. सिस्टरनं तिची खुर्ची हळूहळू पलीकडे सरकवत नेली, आणि माझं बघून बघून ती नंबर काढायलाही शिकली. शेवटी शेवटी तर मी नुसती बघायची आणि ती तपासायची.

निघण्याच्या दिवशी आम्ही सामान बांधत होतो. मोठे डॉक्टर बाजारातून आले आणि थेट आमच्या टेबलाशी उभे राहिले.

"बाजारभर लोकांच्या डोळ्यांवर चष्मे आहेत," ते जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाले. "भाजीवाली तर जवळचा चष्मा लावून लांबच्या गिऱ्हाइकाला हाका मारत होती. तिला काही दिसत नसणार. पण काढायला तयार नाही."

"म्हणजे टेबल राहणार?" मी विचारलं.

"राहील. पण वजन तेवढंच आहे. पुढच्या वर्षी चष्मे आणायचे तर त्यांच्याबरोबर माणूस एकच. दोघांपैकी कोण ते आत्ताच सांगा, मला नावं द्यायचीत."

"हा येईल," मी म्हटलं.

"ही येईल," तो त्याच वेळी म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं. "नंबर मी घरून लावून देईन. तपासायला सिस्टर आहे. लोकांना चष्मा आवडायला लावणं मला जमत नाही. ते तुलाच जमतं."

"आणि ते टेबल कुणाचं आहे? तुझ्या पप्पांचं. तिथं मी एकटा बसू?"

"पप्पांचं आहे म्हणूनच म्हणतेय मी!"

"मी नाही बसणार."

"बसायचं! पहिल्या दिवशी न विचारता बसला होतास, आता विचारतेय तर नाही म्हणतोस?"

"तेव्हा मला कुठं माहीत होतं?"

"काय माहीत नव्हतं?"

"तू!" तो वैतागून म्हणाला. "तू माहीत नव्हतीस!"

"अरे, अरे!" डॉक्टर मध्ये पडले. "मला विमान गाठायचंय. हे भांडण घरी जाऊन करा."

"आमची घरं वेगवेगळी आहेत, डॉक्टरकाका," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"तेवढं एक…" बूटवाला म्हणाला आणि थांबला. त्याचे कान लाल झाले. "…तेवढं एक दुरुस्त करता येईल. म्हणजे… तुझी हरकत नसेल तर."

सिस्टरला मराठी येत नव्हतं. तरी कापडाची घडी घालणारे तिचे हात तिथंच थांबले. डॉक्टरांनी वर पत्र्याकडे पाहिलं. "हे प्रभू," ते म्हणाले, आणि त्या वेळी ती खरोखरची प्रार्थना होती.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तोच वाकडा दात, चुरगळलेला शर्ट, हातात अर्धवट बांधलेलं खोकं. एवढा त्रासदायक माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि पप्पा गेल्यापासून मी कुणावर इतक्या मनापासून चिडलेही नव्हते. इतके दिवस सगळ्यांशी मी नुसतीच चांगली वागत आले होते.

"आधी दुकानात ये," मी म्हटलं.

"कशाला?"

"डोळे तपासायला. मला बघून ज्याला हे सुचतं, त्याला नीट दिसतंय की नाही ते बघायला हवं."

"आणि दिसत असलं तर?"

"तर गल्ल्यावर आई बसलेली असेल. तिच्याशी बोल."

त्यानं खोकं खाली ठेवलं. क्षणभर अगदी गंभीरपणे विचार केला. आता काहीतरी चांगलं बोलेल, असं मला वाटलं.

"त्यांच्या पायाचा नंबर काय?" त्यानं विचारलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग सांगितला.